सगळ्यांना कल्पना होती, बंदुका मात्र घरातच राहिल्या : लुइस्टन गोळीबाराचा प्रकरण अभ्यास

## घटना

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून मेन हे राज्य आहे. तिथल्या लुइस्टन या ३७-३८ हजार वस्तीच्या शहरात २५ ऑक्टोबर २०२३ च्या बुधवारी संध्याकाळी सातच्या सुमारास एक माणूस रायफल घेऊन बोलिंगच्या हॉलमध्ये शिरला. तिथून तो गाडीने काही मैलांवरच्या एका बारमध्ये गेला. दोन्ही ठिकाणचा गोळीबार मिळून जेमतेम दोन मिनिटांचा होता. १८ माणसं मेली, १३ जखमी झाली. मृतांत सर्वांत लहान १४ वर्षांचा मुलगा होता, सर्वांत वयस्क ७६ वर्षांचे गृहस्थ. बारमध्ये त्या रात्री कर्णबधिर मंडळी कॉर्नहोल (छोट्या पिशव्या फळीतल्या भोकात टाकायचा खेळ) खेळायला जमली होती. मेलेल्यांपैकी चौघे त्यांच्यातले. मारेकरी दोन दिवस सापडला नाही. आसपासची गावं दारं लावून बसली, शाळा बंद राहिल्या. २७ ऑक्टोबरला त्याचा मृतदेह मिळाला. त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली होती.

आदल्या वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, अख्ख्या मेन राज्यात मिळून तीसच्या आसपास खून झाले होते. अमेरिकेतल्या शांत राज्यांपैकी हे एक.

या लेखात मारेकऱ्याचं, त्याच्या नातेवाइकांचं, सहकाऱ्यांचं किंवा त्याच्या दारापर्यंत गेलेल्या पोलिसांचं नाव नाही. शोधली तर ती मिळतील, पण प्रकरण समजून घ्यायला त्यांचा उपयोग नाही. कोणत्या तारखेला कोणाला काय माहीत होतं आणि त्याने पुढे काय केलं, हे महत्त्वाचं. सुदैवाने हा तपशील उपलब्ध आहे, कारण गव्हर्नर जॅनेट मिल्स आणि राज्याचे महाधिवक्ता ॲरन फ्रे यांनी लगेच एक स्वतंत्र आयोग नेमला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश डॅनियल वॉथेन त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने उघड सुनावण्या घेतल्या, मार्च २०२४ मध्ये अंतरिम आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अंतिम अहवाल दिला.

## पार्श्वभूमी : राज्य, कायदा आणि माणूस

मेनमध्ये बंदूक ही राजकीय पक्षावरून ओळखायची वस्तू नाही. हरणांच्या शिकारीचा हंगाम तिथे सणासारखा येतो आणि डेमोक्रॅट शेतकऱ्याच्या घरातही भिंतीला दोन रायफली असतात. २०१५ पासून तिथे परवान्याशिवाय अंगावर लपवून पिस्तूल बाळगता येतं. २०१६ मध्ये खासगी विक्रीलाही खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणं सक्तीचं करावं, असा प्रस्ताव जनमताला टाकला गेला आणि थोडक्या मतांनी पडला.

मराठी वाचकाला इथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक ही सरकारने परवाना दिला तर मिळणारी सवलत आहे. परवानाधारकाचं मानसिक स्वास्थ्य बिघडलं तर परवाना काढून घेता येतो. अमेरिकेत घटनेची दुसरी दुरुस्ती तिला हक्क मानते. २००८ च्या हेलर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क व्यक्तीचा आहे असं ठरवलं आणि २०२२ च्या ब्रुएन निकालाने तो आणखी घट्ट केला. म्हणून तिथे प्रश्न 'याला बंदूक का द्यावी' असा उभा राहत नाही. 'याची बंदूक काढून घ्यायची तर कोणी, कोणत्या पुराव्यावर आणि किती दिवस' असा उभा राहतो.

या प्रश्नाला अनेक राज्यांनी 'रेड फ्लॅग' कायद्याने उत्तर दिलं. १९९९ मध्ये कनेक्टिकटने सुरुवात केली. तिथे अर्ज पोलीस आणि सरकारी वकील करत. पुढे कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी घरच्या माणसालाही थेट न्यायाधीशाकडे जाण्याची वाट दिली. अर्ज पटला तर ठरावीक काळापुरत्या बंदुका जमा होतात. त्यात गुन्हा नोंदत नाहीत आणि आजाराचं निदानही लागत नाही.

मेनने २०१९ मध्ये वेगळी वाट काढली. शिकाऱ्यांच्या संघटनेशी बोलून, तडजोड करून जो कायदा झाला त्याला 'यलो फ्लॅग' म्हणतात. तो २०२० मध्ये अमलात आला आणि असा कायदा दुसऱ्या कोणत्याच राज्यात नव्हता. त्यात घरच्यांना न्यायालयात जाता येत नाही. आधी पोलिसांनी त्या माणसाला संरक्षणात्मक ताब्यात घ्यायचं, मग वैद्यकीय तज्ज्ञाने त्याला तपासून तो धोकादायक आहे असं म्हणायचं, मग न्यायाधीशाची संमती घ्यायची, आणि नंतर बंदुका ताब्यात. चौदा दिवसांच्या आत सुनावणी, आणि तिथे टिकला तर वर्षभराचा आदेश. हक्काचं रक्षण व्हावं म्हणून प्रत्येक पायरी मुद्दाम ठेवलेली. पण पहिलीच पायरी अशी की माणसाला प्रत्यक्ष हात लावल्याशिवाय पुढचं काहीच सुरू होत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमकी तीच नडली.

आता माणूस. वय ४०, लष्कराच्या राखीव दलात वीस वर्षं, हुद्दा सार्जंट. कागदोपत्री काम इंधनपुरवठ्याचं, पण उन्हाळ्यात तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत छात्रांना हातबॉम्ब फेकायला शिकवायचा. वर्षानुवर्षं, हजारो स्फोटांच्या शेजारी उभा राहून. नेमबाजीत तरबेज. बंदुका होत्या त्या कायदेशीर. घटस्फोट झालेला, मोठा मुलगा, भाऊ आणि वडील जवळपासच राहणारे. २०२३ च्या सुरुवातीला त्याने श्रवणयंत्रं घेतली आणि त्याच सुमारास त्याला वाटू लागलं की लोक आपल्याबद्दल कुजबुजतात, लहान मुलांशी वाईट वागणारा म्हणतात. दुकानात, बारमध्ये, कामावर.

## समस्या : सहा महिन्यांत कोणी काय सांगितलं

मे २०२३. घटस्फोटित पत्नी आणि मुलगा पोलिसांशी बोलतात. बाप भ्रमिष्टासारखा वागतोय, आवाज ऐकू येतात म्हणतो, आणि भावाच्या घरी ठेवलेल्या दहा-पंधरा बंदुका परत घेऊन आलाय, असं सांगतात. एकच विनवणी करतात : आम्ही सांगितलं हे त्याला कळू देऊ नका. काउंटी शेरीफचा, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाचा, माणूस राखीव दलाच्या तुकडीला फोन करतो. तिकडून उत्तर येतं की आमच्याही लक्षात आलंय, आम्ही बघतो. भाऊही बघतो म्हणतो. नोंद होते आणि प्रकरण मिटल्यासारखं होतं.

जुलैच्या सुरुवातीला तो एक नवी रायफल विकत घेतो, रीतसर. पुढे लुइस्टनमध्ये वापरली ती हीच.

जुलैच्या मध्यावर तुकडी प्रशिक्षणासाठी न्यूयॉर्कमध्ये जाते. तिथे तो सहकाऱ्यांवर तोच आरोप करतो, एकाला ढकलतो, मोटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो. न्यूयॉर्कचे पोलीस त्याला लष्करी रुग्णालयात नेतात, तिथून मनोरुग्णालयात. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो तिथे असतो. आपल्या मनात एक यादी आहे, असंही तो तिथे बोलून दाखवतो. रुग्णालय सक्तीच्या उपचारांसाठी न्यायालयाकडे अर्ज करतं, पण सुनावणी होतच नाही; तो औषधं घ्यायला कबूल होतो आणि घरी जातो. ही बारीक गोष्ट फार महाग पडली. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यानुसार न्यायालयाने किंवा तशा अधिकाऱ्याने सक्तीने दाखल केलेल्या माणसालाच बंदूक बाळगायची मनाई आहे. स्वखुशीने किंवा निरीक्षणासाठी राहिलेल्याला ती लागू होत नाही. सैन्याने 'कामावर असताना याच्या हाती शस्त्र देऊ नका' असा हुकूम काढला. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार ड्युटी करणाऱ्या माणसाच्या उरलेल्या दिवसांना तो लागू नव्हता.

घरी आल्यावर दोनच दिवसांत तो शेजारच्या शहरातल्या शस्त्रांच्या दुकानात आधी मागवलेला सायलेन्सर घ्यायला जातो. सरकारी अर्जावर मानसिक रुग्णालयाबद्दल प्रश्न असतो. तो 'होय' लिहितो. दुकानदार सायलेन्सर देत नाही. या सबंध प्रकरणात 'नाही' म्हणून त्यावर ठाम राहिलेला हा एकमेव माणूस, आणि तो सरकारी नोकर नव्हता.

सप्टेंबरच्या मध्यावर एक जुना मित्र, त्याच तुकडीतला सैनिक, त्याच्यासोबत गाडीने घरी येत असतो. मध्येच तो मित्राला ठोसा मारतो, सैन्याच्या तळावर आणि इतर ठिकाणी गोळीबार करण्याचं बोलतो. त्यानंतर एका रात्री दोनच्या सुमारास मित्र वरिष्ठांना मेसेज पाठवतो. याचं डोकं ठिकाणावर नाही, बंदुका अजून याच्याकडेच आहेत, तळाच्या फाटकाचा संकेतांक बदला, आणि मला वाटतं हा सामूहिक गोळीबार करणार. संदिग्ध काही नव्हतं. पाच-सहा आठवड्यांनी झालं ते सगळं त्या मेसेजमध्ये लिहिलेलं होतं.

## निर्णयाचा क्षण : १५ आणि १६ सप्टेंबर

तुकडीने काउंटी शेरीफला पत्र लिहून त्याची खबरबात घ्यायला सांगितलं. एक सार्जंट १५ तारखेला त्याच्या घरी गेला, घर बंद. दुसऱ्या दिवशी मदतीला दुसऱ्या काउंटीचा माणूस घेऊन पुन्हा गेला. गाडी दारात होती, आत हालचाल ऐकू येत होती, पण दार उघडलं नाही.

इथे थांबून त्या पोलिसासमोर काय काय होतं ते बघू.

दार तोडणं शक्य होतं, पण हाती वॉरंट नाही, आत प्रशिक्षित नेमबाज, आणि जागा अशी की बाहेरचा माणूस उघड्यावर. जीव जाण्याची खरी शक्यता होती, पोलिसांचा किंवा त्याचा. हा पर्याय सोडून दिला याबद्दल मला तरी त्याला दोष देववत नाही.

दुसरा पर्याय थांबण्याचा. दूर उभं राहून जास्तीची कुमक आणि संकटकाळी बोलणी करणारा माणूस बोलावायचा, तो बाहेर पडेल तेव्हा संरक्षणात्मक ताब्यात घ्यायचं. यलो फ्लॅगची पहिली पायरी इथूनच चढता आली असती.

तिसरा, मारहाणीच्या तक्रारीवरून अटक. मित्राला तक्रार नोंदवायची नव्हती. पण त्याच्याशी नीट बसून बोललं गेलं असतं, तर फौजदारी मार्गही पूर्ण बंद नव्हता.

चौथा म्हणजे कुटुंबाला सांगणं. पाचवा, सर्वांत सोपा : नोंद करून निघून येणं.

निवडले गेले ते शेवटचे दोन. तुकडीच्या प्रमुखाने फोनवर सुचवलं की त्याला जरा शांत होऊ द्यावं. शिवाय मेसेज पाठवणाऱ्या मित्राच्या शब्दावर फार भरवसा ठेवण्यासारखं नाही, असंही त्याच्या बोलण्यातून आलं. पोलिसाने भावाशी बोलणं केलं आणि बंदुका दूर ठेवायचं काम भावावर आणि वडिलांवर सोपवलं. राज्यभरच्या पोलिसांना 'हा माणूस सशस्त्र आणि धोकादायक असू शकतो, दिसल्यास कळवा' असा इशारा गेला. तो इशारा १८ ऑक्टोबरला, म्हणजे हत्याकांडाच्या बरोबर एक आठवडा आधी, मागे घेतला गेला. त्या मधल्या काळात पोलिसांपैकी कोणी त्याच्याशी समोरासमोर बोललं नव्हतं.

लग्नाच्या पंगतीत कधीकधी मीठच वाढायचं राहतं, कारण प्रत्येक वाढप्याला वाटतं ते दुसऱ्याने वाढलं. इथे सैन्याला वाटलं पोलीस बघतील, पोलिसांना वाटलं घरचे बघतील, रुग्णालयाला वाटलं तुकडी बघेल. आणि घरचे? आजारी, चिडलेल्या, संशयाने पछाडलेल्या भावाच्या घरात जाऊन त्याच्या रायफली उचलून आणा, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. ज्या दारातून पोलीस परत फिरले त्याच दारातून बिनहत्यारी वडिलांनी आत जावं, ही अपेक्षा होती. आयोगाने याला पोलिसांनी आपली जबाबदारी झटकणं म्हटलं. अहवालातलं ते वाक्य कडक आहे आणि माझ्या मते योग्य आहे.

पोलीस अधिकाऱ्याने आयोगापुढे आपली बाजू मांडली : गुन्हा नोंदलेला नव्हता, माणूस समोर आला नव्हता, ताब्यात घेण्याचा अधिकार आपल्याकडे नव्हता. आयोगाने ते मानलं नाही. मे महिन्यातली तक्रार, जुलैमधलं रुग्णालय, सप्टेंबरमधला ठोसा आणि मेसेज हे सगळं एकत्र ठेवलं तर ताब्यात घ्यायला पुरेसं कारण होतं, असा आयोगाचा निष्कर्ष. अडचण अशी की हे सगळं त्या दिवशी एकत्र कोणीच ठेवलं नव्हतं. रुग्णालयातला तपशील सैन्याकडे होता, तो पोलिसांपर्यंत पुरता पोचला नाही. खासगीपणाच्या कायद्याचा धाक अशा वेळी नेहमी आडवा येतो, खरं तर अमेरिकेचा आरोग्यमाहितीचा कायदा जिवाला गंभीर आणि तातडीचा धोका असेल तेव्हा माहिती द्यायला मोकळीक देतो.

## निष्पत्ती : एकाच फायलीतून दोन उलटे निष्कर्ष

गोळीबारानंतर जो वाद उसळला तो अमेरिकेत दर वेळी उसळतो. एक बाजू म्हणाली, बंदूक आपोआप चालत नाही, मनाचा आजार हे मूळ आहे. दुसरी म्हणाली, मनाचे आजार जगभर आहेत, असले गोळीबार इथेच का होतात?

या प्रकरणाचं वैशिष्ट्य असं की दोन्ही बाजूंनी तीच कागदपत्रं पुढे केली. शिकाऱ्यांच्या संघटनेचं म्हणणं : कायदा होता, तो वापरलाच नाही, वापरला असता तर माणसं वाचली असती, मग नवा कायदा कशाला? बंदूक नियंत्रणवाल्यांचं म्हणणं : कायदा इतका अवजड होता की तो वापरला जाणार नव्हताच, घरच्यांना न्यायाधीशाकडे जाता आलं असतं तर मे महिन्यातच मार्ग निघाला असता. मला दोन्ही म्हणणी अर्धीअर्धी खरी वाटतात. आयोगाने कायदा वापरता आला असता असं सांगितलं, आणि पोलिसांनी हा कायदा किचकट व वेळखाऊ असल्याच्या दिलेल्या साक्षीही नोंदल्या. सुरुवातीच्या काळात तर तपासणी करायला डॉक्टर मिळणंच कठीण होतं. पुढे व्हिडिओवरून तपासणीची सोय झाली तेव्हा गाडी थोडी हलली. हत्याकांडापूर्वीच्या तीन वर्षांत हा कायदा शंभराहून कमी वेळा वापरला गेला होता. नंतरच्या वर्षभरात आकडा शेकड्यांत गेला. कायद्याचा मजकूर तोपर्यंत फारसा बदललेला नव्हता, बदलली होती ती पोलिसांची भीड.

'मनाचा आजार' या उत्तराकडे जरा बारकाईने बघायला हवं. हा माणूस आजारी होता यात वाद नाही. पण गंभीर मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं आयुष्यात कोणावर हात उगारत नाहीत. अमेरिकेतल्या एकूण हिंसाचारापैकी साधारण ४ टक्केच हिंसा अशा आजारांच्या खात्यात टाकता येते, असा तिथल्या अभ्यासकांचा बहुचर्चित अंदाज आहे. म्हणजे उद्या सगळे आजार बरे झाले तरी उरलेला हिंसाचार जवळपास तेवढाच राहील. बंदुका आणि मनःस्वास्थ्य यांचा खरा मोठा संबंध आत्महत्येत आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत ४८,८३० माणसं बंदुकीने मेली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. कनेक्टिकटच्या कायद्याचा अभ्यास झाला तेव्हा साधारण दहा ते वीस बंदूक-जप्त्यांमागे एक आत्महत्या टळते असं आढळलं. सामूहिक गोळीबार थोपवायला म्हणून आणलेल्या कायद्याचा असा वेगळाच उपयोग झाला, आणि तो वादात क्वचितच ऐकू येतो.

शिवाय या प्रकरणात तिसरं एक कारण पुढे आलं. मारेकऱ्याचा मेंदू बॉस्टन विद्यापीठात तपासला गेला. मार्च २०२४ मधल्या निष्कर्षानुसार मेंदूतल्या श्वेतद्रव्याची, म्हणजे मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंची, मोठी हानी झाली होती, दाह होता, बारीक रक्तवाहिन्यांना इजा होती. खेळाडूंच्या मेंदूत आढळणारा डोक्यावरच्या वारंवार आघातांचा तो विशिष्ट आजार मात्र दिसला नाही. हातबॉम्बच्या मैदानावर सोसलेल्या हजारो छोट्या धक्क्यांनी हे झालं असावं, असं तज्ज्ञांना वाटलं. त्याच्या वागण्याचं सगळं कारण हेच, असं मात्र त्यांनी म्हटलं नाही. सैन्याने आपल्या चौकशीत हातबॉम्बचा संबंध मान्य केला नाही, पण तीन अधिकाऱ्यांवर कर्तव्यात कसूर केल्याबद्दल कारवाई केली. कुटुंबाची बाजू इथे समजून घ्यावी अशी आहे. सैन्याने शिकवायला उभं केलेला माणूस सैन्याच्याच कामाने खचला असेल, तर 'वेडा होता' म्हणून त्याला झटकून टाकणं त्यांना कसं पटावं?

कारण शोधण्याचा हा मोह आपल्याकडेही आहे. त्याच वर्षी ३१ जुलैला पालघरजवळ धावत्या जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने सरकारी रायफलीने आपल्या वरिष्ठासह चौघांना मारल्याचा आरोप आहे. लगेच दोन तट पडले, 'डोक्याने बरा नव्हता' आणि 'द्वेषाने मारलं'. त्या पहाटे त्याने बरं वाटत नसल्याचं सांगितलं होतं, असा सहकाऱ्याचा जबाब वृत्तपत्रांत आला. मग रायफल त्या क्षणी त्याच्याकडून काढून घेणं कोणाचं काम होतं? दोन्ही तटांच्या गदारोळात हा साधा प्रश्न मागे पडला.

राजकीय पातळीवर मेनमध्ये थोडंफार हललं. लुइस्टनचेच रहिवासी असलेले अमेरिकी संसदेचे सदस्य जॅरेड गोल्डन हे लष्करी धाटणीच्या रायफलींवरच्या बंदीच्या विरोधात होते; दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीरपणे मत बदललं आणि मतदारांची क्षमा मागितली. एप्रिल २०२४ मध्ये विधिमंडळाने बंदूक खरेदीनंतर ७२ तास थांबण्याची अट, जाहिरात देऊन केलेल्या खासगी विक्रीला पार्श्वभूमी तपासणी, आणि यलो फ्लॅगसाठी पोलिसांना न्यायाधीशाकडून ताब्याचं वॉरंट मिळण्याची सोय, असे बदल केले. ७२ तासांचा नियम पुढे न्यायालयात खेचला गेला. त्या नियमाने लुइस्टन थांबलं असतं का? नाही. रायफल साडेतीन महिने आधीच घेतलेली होती. वॉरंटची तरतूद मात्र थेट १६ सप्टेंबरच्या त्या बंद दारावरचा उपाय आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मेनच्या मतदारांनी जनमतात रेड फ्लॅग कायदा मंजूर केला. गव्हर्नर मिल्स यांचा त्याला विरोध होता. २०१९ ची तडजोड त्यांच्याच काळातली. नऊ वर्षांपूर्वी पार्श्वभूमी तपासणीचा साधा प्रस्ताव नाकारणाऱ्या मतदारांनी हे केलं.

## वेगळं काय करता आलं असतं

मेमध्ये पोलिसांनी मुलाचं नाव जपलं ते बरोबर केलं. पण 'आम्ही बघतो' या तुकडीच्या उत्तरावर तारीख घालून घेतली नाही. आठवड्याने एक फोन, बंदुका कुठे आहेत एवढाच प्रश्न, इतकं पुरलं असतं असं मी म्हणणार नाही. निदान फाईल उघडी राहिली असती.

सर्वांत मोठी चुकलेली संधी माझ्या मते रुग्णालयातून सोडतानाची. तेव्हा माणूस सुरक्षित ठिकाणी होता, हाती शस्त्र नव्हतं, शांत होता, उपचारांना कबूल होता. बंदुका घरात होत्या आणि घर शेकडो मैल दूर. त्या दोन आठवड्यांत भावाने घरी जाऊन त्या हलवल्या असत्या तर कोणाच्याही जिवाला धोका नव्हता. किंवा मेनच्या पोलिसांना आधीच कळवून, तो घरी पोचताच यलो फ्लॅगची तपासणी करता आली असती. सोडताना औषधांची यादी दिली जाते, तशी 'घरातल्या बंदुका कोणाच्या ताब्यात' ही ओळ कागदावर हवी होती आणि तिच्यापुढे एका माणसाचं नाव. दोन राज्यं, एक सैन्य, एक खासगी रुग्णालय अशी विभागणी असल्यामुळे ती ओळ कोणाचीच झाली नाही.

मित्राच्या मेसेजबद्दल. मित्र स्वतःही अडचणीतून गेलेला होता म्हणून त्याचा शब्द हलका धरला गेला. अशा प्रकरणांत इशारा देणारी माणसं बहुतेकदा अशीच असतात : घटस्फोटित पत्नी, घाबरलेला मुलगा, भांडण झालेला मित्र. जवळचेच असल्याने त्यांचं बोलणं कोणाला सूड वाटतं, कोणाला अतिशयोक्ती. वजन माणसाचं न बघता त्याने सांगितलेल्या तीन गोष्टींचं बघायला हवं होतं : धमकीत नेमकेपणा आहे का, साधन हाताशी आहे का, आणि वागणं हल्ली बदललंय का. तिन्हींचं उत्तर होय होतं.

सप्टेंबरच्या त्या पोलिसाला एकट्याला पकडून धरणं सोपं आहे आणि बऱ्याच जणांनी ते केलं. पण त्याच्याकडे ना पूर्ण माहिती होती, ना वॉरंटची तरतूद. त्याचा दोष दार न तोडण्यात नाही, परत न जाण्यात आहे. इशारा मागे घेताना 'तेव्हापासून काय बदललं?' हा प्रश्न कार्यालयात कोणी विचारायला हवा होता. उत्तर 'काहीच नाही' असं आलं असतं.

## अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी

आपल्या घरात बंदूक नाही म्हणून हे आपलं नाही, असं तिकडच्या बऱ्याच मराठी कुटुंबांना वाटतं. पण मुलाचा खोलीतला सोबती, शेजारी, कार्यालयातला सहकारी यांच्याकडे ती असते, आणि तिकडे वाढलेल्या आपल्या मुलांपैकी काही जण आता ती घेऊही लागले आहेत. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या मराठी वस्ती मोठी असलेल्या राज्यांत घरचे लोक स्वतः न्यायालयात अर्ज करू शकतात. टेक्सासमध्ये असा कायदा नाही, तिथे पोलीस आणि रुग्णालय हाच रस्ता. ९८८ हा संकटकाळचा राष्ट्रीय क्रमांक २०२२ पासून सगळीकडे चालतो आणि तिथे केवळ स्वतःसाठीच नव्हे, दुसऱ्याच्या काळजीनेही फोन करता येतो. आपल्याकडे घरातल्या माणसाचं मन बिघडलं की पहिली धडपड ती बातमी मंडळातल्या कोणाला कळू नये अशी असते. लुइस्टनच्या कुटुंबाने ती लाज बाजूला ठेवून सांगितलं होतं. अर्ज करायचा झाला तर राज्याच्या न्यायालयांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. सोबत धमकीचे मेसेज, तारखा आणि बंदुका कुठे ठेवल्या आहेत ही माहिती लिहून न्यावी.